काळ्या दोऱ्याच्या पुड्या

मनोहर,

परवा शाळेच्या हॉलात तुझी शोकसभा झाली. पाच जण बोलले. एकानं तुला आर्वीचं भूषण म्हटलं, दुसऱ्यानं देवमाणूस, आणि ज्यानं तुला जन्मात दोनदा पाहिलं असेल त्यानं डोळ्यांना रुमाल लावून दाखवला. मग हेडमास्तरांनी माझं नाव पुकारलं, "आता डॉक्टरसाहेबांचे बालमित्र गोविंदराव दोन शब्द बोलतील." मी उठलो नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो. लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा कंठ दाटून आला. कंठबिंठ काही दाटला नव्हता. उठलो असतो तर भरसभेत ओरडलो असतो, की या देवमाणसानं माझ्या आईला औषध म्हणून उडदाचं पीठ चारलं, आणि तेही माझ्याच हातून.

जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो. तू ऐकणार नाहीस हे मला कळतं. तसा जिवंतपणी तरी कुठे ऐकत होतास?

मायचा उजवा हात पहिल्यांदा तूच पाहिलास, हे मात्र कबूल करतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नागपूरहून पुलगाव, पुलगावहून आमची छोटी रेल्वे, असा तू आर्वीला आलास आणि नेहमीसारखा स्वतःच्या घरी जायच्या आधी आमच्याकडे जेवायला बसलास. कॉलेजात मेंदूचा आणि नसांचा मोठा प्रोफेसर, विलायतेत शिकून आलेला, पण पाटवडीचा रस्सा दिसला की पाटावर मांडी ठोकून बसणारा. मायनं वाढलेली वडी वाकडी कापलेली होती. मी म्हणालो, म्हातारी झाली आता. तू जेवण थांबवलंस आणि म्हणालास, "माय, हात मांडीवर ठेव वं जरा. नुसता ठेव." तिनं ठेवला. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहिली, हातात नसलेली माळ ओढावी तशी. रोज तिच्याशेजारी बसून जेवणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

कंपवात, तू म्हणालास. बरा होणारा नाही. परदेशी गोळ्या आणून दिल्यास, त्यानं थरथर थोडी कमी झाली, पण तोंड सुकलं आणि तिला भरदिवसा कोपऱ्यात मांजरं दिसायला लागली. तू लगेच गोळ्या बंद केल्यास. तेव्हा तिच्या पायाशी बसून म्हणालास, "चुकलो मी, माय." चुकलो म्हणायला तुला तेव्हा येत होतं. मग पुढे जीभ कुठे गेली होती तुझी?

एके दिवशी तू उड्या मारतच आलास. "गोव्या, आंजीचा वैद्य कंपवाताले काय देते, माहीत आहे काय तुले? खाजकुयलीचं बी!"

"जे आपण मास्तरच्या खुर्चीवर टाकलं व्हतं ते?"

"ते नाई रे, ती शेंगेवरची लव. आतलं बी दुधात शिजवते, सालं काढते अन् भुकटी करते. त्याचे दोन पेशंट मी तपासले. पोथीत असलं म्हनून खरं नाई, अन् पोथीत असलं म्हनून खोटंबी नाई. मोजून पाहू."

त्या खुर्चीच्या प्रकरणात तू पळालास आणि छड्या मी खाल्ल्या, हे मी तुला त्याही दिवशी ऐकवलं. तू हसून म्हणालास, "त्याची भरपाई करून टाकतो आता." केलीस बरं. व्याजासकट केलीस.

आमची ओसरी तुझी प्रयोगशाळा झाली. गेल्या आषाढापासून दर रविवारी आर्वीतून, रोहण्यातून, आंजीहून वीसेक माणसं यायची. कुणाचा हात कापे, कुणाचं अंग लाकडासारखं ताठ, कुणी एकदा उभं राहिलं की पाऊलच उचलेना. तू बायकांपुढे कापूस ठेवायचास आणि घड्याळ काढून पाच मिनिटांत कोण किती फुलवाती वळते ते मोजायचास. पुरुषांना भुईमुगाच्या शेंगा फोडायला द्यायचास. "विलायतेत याले यंत्र लागते," तू म्हणायचास, "आपल्याइथं कापूस आहे." आकडे मी वहीत लिहायचो. वाती उरायच्या त्या साऱ्या देवळात जायच्या, त्यामुळे पुजारीही तुझ्यावर खूश.

तुझी नजर किती बारीक होती हे मी नाकारणार नाही. माय उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखी उभी राहायची, आणि अंगणातल्या रांगोळीवरून मात्र टणटण चालायची, रेघ मोडू नये म्हणून पाय उचलून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि हसलो. तू हसला नाहीस. पीठ मागितलंस आणि ओसरीपासून न्हाणीपर्यंत वीतभर अंतरानं आडव्या रेघा ओढल्यास. माय त्यावरून चालत गेली, एकटी, कुणाचा हात न धरता, आणि परत आली. त्या दिवशी मी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो. आजही माझी बायको रोज सकाळी त्या रेघा ओढते. आणि आजही त्यांच्याकडे पाहिलं की मला तुझा राग येतो, कारण ज्याला एवढं दिसत होतं त्याला समोरची माणसं दिसू नयेत?

कारण पुड्यांचं काय केलंस ते सांग.

तू नागपूरहून दोन पिशव्या आणायचास. एका पिशवीतल्या भुकटीच्या पुड्यांना लाल दोरा बांधायचा, दुसरीतल्या भुकटीच्या पुड्यांना काळा. पुड्या मी बांधायचो, मुलांच्या जुन्या परीक्षेच्या पेपरांत. मी विचारलं, दोन कशाला? तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, "एकाच औषधाचे दोन प्रकार आहेत. कोनता चांगला ते पाहाचं आहे." सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या तांब्यात टाकल्यास आणि मला काढायला लावल्यास. मायची चिठ्ठी मी काढली. काळा दोरा. रोहण्याची सोनाबाई, मायची मैत्रीण, तिला लाल. तू सगळ्यांना दम दिलास की ज्याची पुडी त्यानंच घ्यायची, आणि वहीत खूण केलीस. तेव्हा तुझा हात जरासुद्धा हलला नाही. मी शेजारीच बसलो होतो.

पोळ्यापर्यंत सोनाबाई चार वाती वळायची ती अकरा वळायला लागली. मोकळेपणानं हसायला लागली. नाहीतर तिचा चेहरा मुखवट्यासारखा झालेला होता. माय जिथल्या तिथे. मी तुला बाजूला घेऊन म्हणालो, मायला लाल दे. तू म्हणालास, मधेच बदलता येत नाही, आकडे बिघडतात. मी म्हणालो, आकडे गेले खड्ड्यात, ती तुझीही माय आहे. तू म्हणालास, "थांब गा, होळीपर्यंत थांब. मंग तूच म्हनशीन." मी चिडून आत निघून गेलो. आपलं ते भांडण तसंच राहिलं. पुढच्या रविवारी तू जणू काही झालंच नाही असा येऊन बसलास आणि मायनं तुला आधी वाढलं.

मग कोजागिरीनंतर चक्र उलटं फिरलं. माय सुधारायला लागली, सोनाबाई घसरली. एकटी सोनाबाई नाही, लाल दोऱ्याची सगळीच माणसं थोडी थोडी घसरली आणि काळ्या दोऱ्याची थोडी थोडी वर आली. तू आकडे पुन्हा पुन्हा मोजायचास. घड्याळ बिघडलं का ते पाहिलंस, पिशव्यांची अदलाबदल झाली का म्हणून माझ्यावर संशय घेतलास. तुझा चेहरा उतरत गेला. माघात दोन्ही बाजू सारख्या झाल्या. शेवटच्या रविवारी तू वही मांडीवर घेऊन शेवटच्या पानावर एक ओळ लिहिलीस, "या औषधाचा कंपवातावर उपयोग दिसत नाही," खाली सही केलीस आणि न जेवता उठलास. माय म्हणाली, "काऊन रे, भाजी आवडली नाई का?" तू म्हणालास, "भूक नाई, माय." स्टेशनवर तू डब्याच्या दारात उभा होतास, मी खाली. मला वाटलं होतं, पुढच्या वेळी नीट बोलू. सोळाव्या दिवशी तार आली, की वर्गात शिकवता शिकवता छातीत कळ येऊन तू गेलास.

मी रडलो, मनोहर. शाळेतून घरी येईपर्यंत रस्त्यात रडलो. ते रडणं पुरतं वाळलंही नव्हतं तेव्हा तुझे मदतनीस डॉक्टर ठोसर वह्या न्यायला आले. भला तरुण आहे. चहा घेता घेता सहज म्हणाला, "काळ्या दोऱ्याचं काय, ते नुसतं भाजलेलं उडदाचं पीठ होतं. तुलनेसाठी."

मी कप खाली ठेवला. मला वाटतं मी त्याला तीनदा विचारलं. त्यानं मला नीट समजावलं, की रोग्याला औषध मिळतंय या विश्वासानंच कधी कधी बरं वाटतं, तेव्हा खऱ्या औषधाचा गुण कळायचा तर काहींना खोटं द्यावं लागतं आणि कुणाला काय मिळालं ते त्यांना कळू द्यायचं नसतं. मी मास्तर आहे, मूर्ख नाही. मला ते पटलं. मी त्याला विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तो संकोचून म्हणाला, "सर म्हणायचे, गोविंदाला कळलं तर तो आईला लाल दोरा देईल."

दिला असता! हजारदा दिला असता. तू मला पुरता ओळखत होतास, आणि तेच मला सहन होत नाही. अनोळखी माणसानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू मला आतून बाहेरून ओळखून, माझ्या घरी जेवून, केसानं गळा कापलास. तीन महिने मी रोज सकाळी तिच्या तोंडात ते पीठ दुधातून घालत होतो आणि देवाला म्हणत होतो, गुण येऊ दे.

आकड्यांची वही मी ठोसरांना दिली नाही. ते गेल्यावर मी मायला सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्या पोटात राहिना. वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "पीठ व्हतं तं मंग मी काऊन बरी झाली?"

मी म्हणालो, तेच तर कुणाला कळत नाही.

"मले कळते," माय म्हणाली. "पन तू बोंबलशीन."

मग तिनं सांगितलं. कोजागिरीच्या आदल्या रविवारी तू उशिरा येणार होतास आणि बाया ओसरीवर तुझी वाट पाहत बसल्या होत्या. सोनाबाई मायला म्हणाली, "मले गुण येऊन राह्यला अन् तुले नाई, हे मले बरं नाई वाटत वं." मग त्यांनी आपसात विचार केला. डॉक्टर म्हणतो एकाच औषधाचे दोन प्रकार आहेत. मग एकीला एकच प्रकार कशाला? दोन्ही थोडं थोडं पोटात गेलं तर जास्तच गुण येईल. संध्याकाळी तू गाडीकडे निघालास आणि मी तुला पोहोचवायला गेलो, तेव्हा माझ्या घरातली परात त्यांनी मागून घेतली, लाल आणि काळ्या साऱ्या पुड्या त्यात सोडल्या, एकत्र कालवल्या आणि पुन्हा सारख्या वाटून बांधल्या, भुलाबाईची खिरापत वाटावी तशा. पुरुषांच्याही पुड्या त्यात घेतल्या, कारण त्यांनाच कशाला वगळायचं? पुढे दर रविवारी, तू गाडीकडे निघालास की हेच. "वाटून खाल्लं तं पाप लागते का?" माय मला विचारत होती.

सांग ना तिला. लागतं का?

तुझ्या एका खोट्या वाक्यानं तुझाच प्रयोग बुडाला, मनोहर. तू म्हणाला असतास, "यातलं एक औषध आहे, एक नुसतं पीठ आहे, आणि कुणाला काय मिळालं ते मी सांगणार नाही," तर त्या बाया कुरकुरल्या असत्या, दोघीचौघी उठूनही गेल्या असत्या. पण राहिल्या असत्या त्यांनी तुझा शब्द पाळला असता. तू त्यांना अडाणी समजलास. आणि त्यांनी तुझ्या खोट्यावर किती सरळ विचार केला बघ! उतार नेमका कोजागिरीपासून सुरू झाला हे वहीत लख्ख दिसतं. तू घड्याळाला विचारलंस, पिशव्यांना विचारलंस, माझ्यावर आळ घेतलास, पण समोर बसलेल्या एका बाईला एकदाही विचारलं नाहीस की बाई, कोजागिरीला काय झालं?

आणि माझंही सांगतो, नाहीतर चोराच्या उलट्या बोंबा व्हायच्या. एका सोमवारी सकाळी ओसरीच्या कोपऱ्यात मला लाल आणि काळ्या दोऱ्यांचा एकच गुंता सापडला होता. वर्गात कॉपी करणारं पोर मी पाठमोरा ओळखतो. मला तिथेच समजायला हवं होतं. पण माय तेव्हा नुकती स्वतःच्या हातानं वेणी घालायला लागली होती. मी तो गुंता उचलला आणि चुलीत टाकला. कुणाला विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

तेव्हा तू फसवलंस, त्यांनी फसवलं आणि मी डोळे मिटले. पण यात एक गोष्ट उरते, आणि ती तुला कळायच्या आत तू गेलास, म्हणून मी एवढा पेटलो आहे. निम्म्या औषधानंसुद्धा माय वेणी घालत होती. बी लागू पडत होतं, मनोहर! तुझा अंदाज खरा होता आणि तू तो खोटा ठरवून, उपाशी, त्या डब्यात चढलास. मला कुणी सांगितलं असतं तर मी रुळांवरून धावत आलो असतो.

ठोसरांना मी पत्र लिहून सगळं कळवलं. ते गेल्या रविवारी आले, तुझा निबंध डॉक्टरांच्या परिषदेत वाचायचा ठरला होता म्हणून वही हवीच होती. ती ओळ एकदा छापली गेली की नागपुरात कुणी या बियाला पुन्हा हात लावणार नाही, हे तेच मला म्हणाले. मी म्हणालो, मग ती ओळ खोडा. ते म्हणाले, "सरांच्या सहीखालची ओळ मी कशी खोडू? आणि कशाच्या आधारावर? बायकांच्या बोलण्याच्या?" उरलेली भुकटीही त्यांनी नागपुरात कुलपात ठेवली आहे. पिशव्या संपल्यापासून मायचा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला आहे. तिला घास भरवावा लागतो.

मी वही आणली, लाल शाई घेतली आणि तुझी ओळ त्यांच्यादेखत खोडली. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या, पण सही केलेल्या प्रोफेसराची वही पहिल्यांदाच. खाली पुड्यांची सगळी हकिकत लिहिली, दोऱ्यांच्या गुंत्यासकट. सोनाबाईला मी निरोप धाडून बोलावलं होतंच. तिनं आणि मायनं त्याखाली अंगठे उठवले. दोघींचे अंगठे कागदावर टेकवताना थरथरले आणि शाई फासली गेली. ठोसर त्या दोन डागांकडे बघत राहिले.

मग ते मायला जरा कठोरपणेच म्हणाले, "आजी, तुम्ही पुड्या मिसळल्या. सरांचं आठ महिन्यांचं काम वाया गेलं. एकदा तरी त्यांना सांगायचं होतंत."

माय त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तो माह्या घरी जेवत व्हता, बापा. त्यानं मले सांगतलं व्हतं का?"

ठोसरांनी वही मिटली नाही. माझ्या हातातला टाक घेतला आणि अंगठ्यांखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "प्रयोग पुन्हा करावा. रोग्यांना आधी सर्व सांगावे."